ठराव वाचायचे की निकालपत्रं?

जून आला की कोर्ट नाक्यावरच्या आमच्या चेंबरमध्ये एलएलएम करणारं कुणी ना कुणी डिझर्टेशनचा विषय विचारायला येतंच. यंदा आमच्याच ज्युनिअरची पाळी आहे. युद्धातल्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांवर लिहायचं, एवढं तिचं पक्कं आहे. घोडं अडलंय ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या वाटेनं जायचं की न्यायालयांच्या, इथे. "सर, दोन्ही घेतले तर?" असंही तिनं विचारून पाहिलं. नको. शे-दीडशे पानांत दोन्ही मावत नाहीत, आणि गाइड पहिल्याच भेटीत त्यातलं एक खोडायला लावतात.

मी 2016 साली परिषदेच्या बाजूनं सुरुवात केली आणि वर्षभरानं सामानसुमान घेऊन पलीकडे गेलो. दुधानं तोंड पोळलेला माणूस बोलतोय, हे धरून पुढचं वाचा.

परिषदेचा विषय आधी मोह पाडतो, कारण सगळं क्रमानं मांडून ठेवलेलं असतं. 2000 सालचा स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा यांवरचा ठराव 1325, मग 2008 चा 1820, पुढे 1888, 1960, 2106. प्रकरणांची शीर्षकं आपोआप पडतात. मजकूरही आटोपशीर. ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये बसायला मिळालं, तर सीएसएमटी येईपर्यंत एक ठराव पेन्सिलीच्या खुणांसकट वाचून होतो. लैंगिक अत्याचार हे युद्धतंत्र असू शकतं आणि म्हणून तो शांतता-सुरक्षेचा, म्हणजे परिषदेच्या अखत्यारीतला प्रश्न आहे, हे 1820 नं स्पष्ट मांडलं. 1888 नं त्यासाठी विशेष प्रतिनिधीचं पद निर्माण केलं. मार्गो वॉलस्ट्रॉम, झैनब बांगुरा आणि 2017 पासून प्रमिला पॅटन अशी त्या पदाची परंपरा. 2010 च्या 1960 नं पुढचं पाऊल टाकलं: ज्यांच्यावर असे अत्याचार केल्याचा सबळ संशय आहे त्या सैन्यांची आणि टोळ्यांची यादी महासचिवांच्या वार्षिक अहवालाला जोडायला सुरुवात झाली.

मुत्सद्देगिरीत रस असेल तर मजाही आहे. एप्रिल 2019 मध्ये जर्मनीनं आणलेल्या ठराव 2467 चा मसुदा आणि अंतिम मजकूर शेजारी ठेवून बघा. पीडितांच्या लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवेचा उल्लेख अमेरिकेला खुपला, व्हेटोची धमकी आली आणि तो मजकूर गळला. एवढं करून मतं 13, रशिया आणि चीन तटस्थ. एका शब्दापायी काय काय होतं, यावर अख्खं प्रकरण उभं राहील.

मग मी का सोडलं? कारण जरा बालिश वाटेल. शाळेत व्याकरणाच्या बाई वाक्यातला कर्ता शोधायला सांगायच्या. क्रियापदाला 'कोण?' विचारायचं, उत्तर येईल तो कर्ता. वकिलीत येऊन पंधरा वर्षं झाली तरी ती सवय सुटलेली नाही, उलट पोटापाण्याची झाली आहे. आणि परिषदेच्या कागदांत मला कर्ताच सापडेना. चिंता व्यक्त होते. निषेध केला जातो. अत्याचार घडतात, वाढतात, नोंदवले जातात. घरात पोरं असताना काचेचा पेला कुणी फोडत नाही, तो आपोआप फुटतो, तसंच काहीसं. ठरावांत ठामपणे काही करणारी एकच व्यक्ती दिसते आणि ती म्हणजे स्वतः परिषद: ती आठवण करून देते, पुनरुच्चार करते, आवाहन करते.

वार्षिक अहवालांत हे बरंच सुधारतं, हे मान्य. तिथे देश, जागा, टोळीचं नाव येतं. पण टोळीचंच. निर्बंध समित्यांच्या याद्यांत माणसांची नावंही असतात, मात्र अमक्यानं अमुक दिवशी कुठे काय केलं याचा छडा तिथून लागत नाही. आकड्यांचंही तेच. 2023 सालासाठी संयुक्त राष्ट्रांनी पडताळलेली प्रकरणं 3,688. हा अंदाज नाही, जिथवर पडताळणी करणारी माणसं पोचू शकली तिथवरची नोंद आहे. प्रत्यक्षात किती हे तो आकडा सांगत नाही, सांगायचा दावाही करत नाही. माझ्यासारख्या फौजदारी वकिलाला अशा कागदासमोर हातात आरोपपत्र नसल्यासारखं वाटतं. कदाचित दोष माझ्या धंद्याचा असेल. पण आठ-दहा महिने रोज कर्ता शोधत बसलं की माणूस वैतागतो, आणि वैतागलेल्या माणसाचं डिझर्टेशन वाचणाऱ्यालाही कळतं.

त्या वैतागात कलिन्याच्या लायब्ररीत अकायेसूचं निकालपत्र वाचायला घेतलं. हे महाशय रवांडातल्या ताबा कम्यूनचे महापौर. 1994 च्या वंशसंहारात लोक जीव वाचवायला त्यांच्या कचेरीच्या आवारात आले आणि तिथेच बायकांवर बलात्कार झाले. गंमत म्हणवत नाही, पण मूळ आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचं कलमच नव्हतं. टांझानियातल्या अरुशात बसणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या रवांडा न्यायाधिकरणासमोर भलत्याच मुद्द्यावर साक्ष देताना एका बाईनं आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर काय गुदरलं ते सांगितलं. पीठावर तिघांत एकच स्त्री न्यायाधीश होत्या: नवनीतम पिल्लै, दरबनच्या तमिळ घरातल्या. न्यायाधीशांनी प्रश्न विचारले, आणखी साक्षी आल्या, जून 1997 मध्ये आरोपपत्र बदललं. 2 सप्टेंबर 1998 च्या निकालानं बलात्कार हे वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतं असं म्हटलं आणि त्यासाठी एका नाव-गाव असलेल्या माणसाला दोषी धरलं. कर्ता सापडला.

आपल्याकडच्या वकिलाला इथे ओळखीच्या खुणाही भेटतात. पीडितेच्या साक्षीला वेगळा दुजोरा लागत नाही, हा नियम रवांडा आणि युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणांत पहिल्यापासून लिहिलेला होता. आपण संमतीचा प्रश्न देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या मथुरा प्रकरणावरून (बलात्काराचा आरोप पोलिसांवरच होता) शिकलो आणि 1983 मध्ये कायदा बदलला. एक प्रकरण त्या तुलनेला सहज देता येतं. हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारानं उभं राहिलं, त्या रोम संविधीचा भारत सदस्य नाही, त्यामुळे 'आपला काय संबंध' हा प्रश्न व्हायवात येणारच. त्याचं उत्तर याच तुलनेत आहे.

या वाटेवर त्रास नाही असं नाही. साक्षीच्या नोंदींत ऐन मोक्याच्या जागी सुनावणी बंद दाराआड जाते आणि पुढची पानं कोरी किंवा काळी. पहिल्यांदा चिडलो. मग ठाण्याच्या कोर्टात इन कॅमेरा चालणाऱ्या खटल्यांत मीच दार लावून घ्यायला सांगतो, हे आठवलं आणि गप्प बसलो. शिवाय पानांचा डोंगर. युगांडातल्या बंडखोर टोळीचा सेनापती ओंगवेन, त्याच्या खटल्यातलं हेगचं निकालपत्र हजारावर पानांचं आहे. ते लोकलमध्ये वाचायचं काम नाही.

आणि मग काँगोचा बंडखोर नेता बेंबा, त्याचाही खटला हेगलाच. माझ्या डिझर्टेशनचं मधलं प्रकरण याच खटल्यावर उभं होतं. मध्य आफ्रिकन प्रजासत्ताकात त्याच्या सैन्यानं केलेल्या अत्याचारांसाठी सेनापती म्हणून 2016 मध्ये त्याला दोषी ठरवलं, 18 वर्षं दिली. सबमिशनला सहा आठवडे राहिले होते आणि 8 जून 2018 ला अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी तो निर्दोष सुटला. खटल्यात सहभागी झालेले पीडित पाच हजारांवर. अत्याचार झालेच नाहीत असं अपील न्यायाधीश म्हणाले नव्हते. दूर बसलेल्या सेनापतीनं ते रोखायला पुरेसं काही केलं नाही, हा निष्कर्ष बहुमताला टिकणारा वाटला नाही. पुढे 2023 मध्ये हाच गृहस्थ काँगोचा संरक्षणमंत्री झाला. अपिलाच्या निकालाच्या रात्री मी बायकोला म्हणालो, परिषदेकडेच राहिलो असतो तर बरं. ठराव अपिलात उलटत नाही.

तरी परत गेलो नाही. मधलं प्रकरण पुन्हा लिहिलं, आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात बरं उतरलं, कारण आता त्यात दोन बाजू होत्या. बहुमताचा निकाल आणि विरोधी मत समोरासमोर ठेवून वाचताना मला जे कळलं ते वर्षभर ठराव वाचून कळलं नव्हतं. हे माझ्यापुरतं, दुसऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो.

आज सुरुवात करणाऱ्याला तर माझ्यापेक्षा बरी सोय आहे. 2019 मध्ये काँगोचाच बंडखोर सेनापती न्टागांडा दोषी ठरला, 30 वर्षांची शिक्षा झाली आणि 2021 मध्ये ती अपिलातही टिकली. त्यात एक बारीक पण जबरदस्त मुद्दा आहे: आपल्याच सैन्यातल्या मुलींवरचे अत्याचार हासुद्धा युद्धगुन्हा होतो का? 2017 मध्येच अपील पीठानं होय म्हटलं. ओंगवेनच्या खटल्यात सक्तीचं लग्न आणि सक्तीची गर्भधारणा आली, आणि आरोपी स्वतः लहानपणी टोळीनं पळवून नेलेला. फेब्रुवारी 2024 च्या भरपाईच्या आदेशात 49,772 पीडित, प्रत्येकी 750 युरो प्रतीकात्मक रक्कम, एकूण 5 कोटी 20 लाख युरोंच्या वर. आरोपीच्या खिशात दमडी नाही. मग पैसे आणायचे कुठून, तर पीडितांसाठीच्या विश्वस्त निधीनं देणग्या मागून. विषय हवा असेल तर माझ्या मते इथेच आहे, आणि यावर अजून फार गर्दी झालेली नाही.

परराष्ट्र धोरणात किंवा एखाद्या संस्थेच्या धोरणविभागात जायचं असेल, तर परिषदेचाच विषय घ्या, तिथे तोच उपयोगी पडेल. नोकरी सांभाळून वर्षभरात संपवायचं असेल तरीही. उरलेल्यांनी अकायेसूपासून सुरुवात करावी, बेंबाचं विरोधी मत चुकवू नये, आणि ओंगवेनचं सगळं निकालपत्र छापून घ्यायच्या भानगडीत पडू नये. मी न्टागांडाचं छापलं होतं, झेरॉक्सवाल्यानं दोनदा विचारलं, "साहेब, पूर्ण?"

आमच्या ज्युनिअरनं अजून काही सांगितलेलं नाही. सिनॉप्सिस शुक्रवारी द्यायचाय. तिच्या टेबलावर 2467 च्या दोन प्रती आहेत, हे मी पाहिलंय. त्यांच्यावर लॅपटॉप ठेवलाय, आणि परवापासून त्यावर ओंगवेन उघडा आहे.