कॅलिफोर्नियातला इलेक्ट्रॉलॉजीचा ६०० तासांचा कोर्स: फी भरण्याआधी वाचा

चेहऱ्यावरचे केस सुईने आणि विजेने कायमचे काढणं हे आता माझं काम आहे. मी मूळची नाशिकची, तिथे पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लग्नानंतर बे एरियात आले, हातात ईएडी (अमेरिकेत काम करण्याची परवानगी) पडलं आणि लॅबमध्ये परत जाण्याऐवजी इलेक्ट्रॉलॉजी शिकले. मंडळाच्या कार्यक्रमांत बऱ्याच जणी विचारतात, कोर्स कसा आहे, पैसे वसूल होतात का. म्हणून शाळेचा, शिकवण्याचा आणि नंतर धंदा उभा करण्याचा अनुभव एकत्र लिहितेय. शाळेचं नाव देत नाही. जे तिथे कमी पडलं ते इतर शाळांतही तपासून घेण्यासारखं आहे.

आधी कायद्याचं. कॅलिफोर्नियात इलेक्ट्रॉलॉजिस्टचा परवाना ‘बोर्ड ऑफ बार्बरिंग अँड कॉस्मेटॉलॉजी’ देतं. त्यासाठी ६०० तासांचं शिक्षण आणि लेखी परीक्षा लागते. पूर्वी प्रात्यक्षिक परीक्षाही असायची, ती २०२२ पासून बंद झाली. आठवड्याला ३० तास गेलात तर २० आठवड्यांत कोर्स होतो. मुलं लहान असतील तर अर्धवेळ करा, घाई नको. एच-४ वर (एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकायला वेगळी परवानगी लागत नाही, पण कमवायला ईएडी हवंच. आणि हा परवाना सुईपुरताच आहे. इथे लेझर फक्त डॉक्टर, नर्स किंवा फिजिशियन असिस्टंट चालवू शकतात.

शाळेला मी पाचपैकी साडेतीन देईन. त्यातले तीन एकट्या आमच्या शिक्षिकेचे.

बाई सत्तरीच्या, आणि आयुष्यभर हेच काम केलेल्या. पहिले काही आठवडे त्यांनी आम्हाला यंत्र सुरूच करू दिलं नाही. भिंग, प्रकाश, चिमटा आणि वीज नसलेली सुई, एवढ्यावर सराव. केस ज्या कोनात त्वचेतून बाहेर येतो त्याच कोनात सुई त्याच्या शेजारून, त्याच छिद्रात उतरली पाहिजे. डाव्या हाताच्या दोन बोटांनी त्वचा ताणायची, उजव्या हाताने सुई सोडायची, ढकलायची नाही. सुई बरोबर गेली तर समोरच्या बाईला ती गेल्याचं कळतही नाही. सुईच्या टोकाशी त्वचेला खळगा पडला, तर तुम्ही खूप खोल गेलात किंवा भलत्याच जागी टोचलंत. वीज दिल्यावर केस चिमट्याने उचलला की तो अलगद यायला हवा. जराही ओढ लागली तर तो उपटला गेला, म्हणजे मूळ जिवंत आहे आणि केस परत येणार. सुटून आलेल्या केसाच्या मुळाशी ओलसर, चकचकीत आवरण दिसतं. बाई प्रत्येक केस भिंगाखाली धरून ते आम्हाला दाखवायला लावत. लॅबमध्ये वर्षानुवर्षं स्लाइड पाहिल्यामुळे मला हे आवडलं, पण वर्गातल्या काही मुली कंटाळून गेल्या. माझ्या मते संपूर्ण कोर्समधलं सर्वांत मोलाचं शिक्षण हेच. यूट्यूबवर ते मिळत नाही.

तत्त्वाचा भागही चांगला शिकवला. ही पद्धत जुनी आहे. १८७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने पापणीचे आत वळून डोळ्याला टोचणारे केस अशा सुईने काढले होते. तेव्हा फक्त डीसी करंट होता. त्वचेतल्या मिठाच्या पाण्यातून करंट गेला की सुईभोवती सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो मूळ विरघळवतो. याला गॅल्व्हॅनिक म्हणतात. दुसरी पद्धत थर्मोलिसिस. तिच्यात रेडिओ लहरींच्या वारंवारतेचा करंट सुईभोवतालचं पाणी तापवतो आणि मूळ शिजतं. पहिली संथ, दुसरी झटपट. दोन्ही एकत्र करणारी ब्लेंड पद्धत आर्थर हिंकेल आणि आंरी सेंट पियरे यांनी काढली, १९४८ मध्ये तिचं पेटंट मिळालं.

माझी मुख्य तक्रार याच ब्लेंडपाशी आहे. शाळेत सराव जवळजवळ सगळा थर्मोलिसिसचा. सरावाला येणाऱ्या बायकाही बहुतेक गोऱ्या, केस मऊ आणि सरळ. ब्लेंडची यंत्रं होती, पण जुनी आणि मोजकीच, त्यामुळे नंबर लागायची मारामार. आता माझ्याकडे कोण येतं? वीस-वीस वर्षं थ्रेडिंग केलेल्या, पीसीओएस (हार्मोन बिघडून चेहऱ्यावर केस वाढवणारा विकार) असलेल्या आपल्या बायका. हनुवटीचा केस वारंवार उपटला की त्याचं छिद्र आत वाकडं होतं. सुई सरळ आणि मूळ वळणापलीकडे. थर्मोलिसिसची उष्णता सुईलगतच राहते, ती त्या मुळापर्यंत पोचेलच असं नाही. कॉस्टिक सोडा द्रव असतो, तो वाट काढत वळणापर्यंत जातो. म्हणून आपल्या बायकांच्या हनुवटीला ब्लेंड किंवा निव्वळ गॅल्व्हॅनिक लागतं, आणि नेमकं तेच शाळेत सर्वांत कमी करायला मिळालं.

त्याचं गणित मात्र बाईंनी पाठ करून घेतलं होतं आणि रोज उपयोगी पडतं. मिलिअँपिअरचा दहावा भाग एक सेकंद दिला की सोड्याचं एक युनिट. म्हणजे ०.५ मिलिअँपिअर १२ सेकंद दिलं की ६० युनिट होतात, जाड आणि खोल केसाला साधारण इतके लागतात. ओठांवरच्या लवेला त्याच्या कितीतरी कमी पुरतात. करंट वाढवला की वेळ वाचतो पण दुखतं, वेळ वाढवली की कमी दुखतं. समोरची बाई किती सहन करते ते पाहून आकडा ठरवायचा.

दुसरी उणीव त्वचेच्या रंगाची. आमच्या पुस्तकातली छायाचित्रं गोऱ्या त्वचेची होती. त्यांना लाली येते, उतरते, संपलं. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर लाली कमी दिसते, पण जरा जास्त उष्णता लागली तर मागाहून काळा डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने राहतो. यावर शाळेत मिळालं ते एक लेक्चर. बाकी सगळं मी कोर्सनंतर एका अनुभवी इलेक्ट्रॉलॉजिस्टच्या खोलीत बसून, पैसे भरून शिकले: शेजारशेजारचे केस एकाच दिवशी काढायचे नाहीत, अंतर सोडून काढायचे. खपली नखाने काढू नका हे प्रत्येक वेळी सांगायचं. उन्हात जाताना सनस्क्रीन. शेवटपर्यंत इन्सुलेशन असलेली, फक्त टोक उघडं असलेली सुई वापरली तर वरच्या त्वचेला थर्मोलिसिसचा चटका कमी बसतो, हेही तिथेच कळलं.

सुयांबद्दल थोडं. मी ‘बॅले’ कंपनीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या सुया वापरते, निकेल सहन न होणाऱ्या बायकांना त्या चांगल्या. आकार ३ म्हणजे जाडी इंचाचा हजारावा भाग गुणिले ३. एवढी बारीक सुई त्वचेत वाकली तरी हाताला पटकन समजत नाही, म्हणून भिंगावर कंजुषी करू नका. मी सर्जन लावतात तसले लूप, म्हणजे चष्म्यासारखी लावायची भिंगं, घेतले. मान आणि पाठ वाचवायची असेल तर यंत्राच्याही आधी ते आणि चांगलं स्टूल घ्या. सुई एकदाच वापरायची आणि थेट शार्प्सच्या (वापरलेल्या सुयांच्या) डब्यात, चिमटे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात. लॅबवालीला हे सांगावं लागत नाही, पण ग्राहकासमोर पाकीट फोडायची सवय ठेवा. आपल्या बायका ते बारकाईने बघतात, आणि बघायलाच हवं.

धंदा कसा सुरू करायचा यावर शाळेने जवळजवळ काही शिकवलं नाही. मी परवाना असलेल्या एका सलॉनमधली मागची खोली भाड्याने घेतली, शहराचं बिझनेस लायसन्स आणि विमा काढला, ब्लेंडचं यंत्र सेकंडहँड घेतलं. दर वेळेवर असतो, केसांच्या संख्येवर नाही. मी अर्ध्या तासाचे ६५ डॉलर घेते. पहिलं वर्ष तंगीतच गेलं, कारण हे काम पसरतं ते एकीने दुसरीला सांगितल्यावर, आणि हनुवटीवरच्या केसांबद्दल बायका एकमेकींना सहज सांगत नाहीत. पीसीओएसच्या मुली येतात त्या बहुधा लेझर करून थकलेल्या. चेहऱ्यावर, विशेषतः हार्मोनचा त्रास असलेल्या सावळ्या मुलींच्या, लेझरने कधीकधी उलट केस वाढतात. डॉक्टरांना हे ठाऊक आहे, पण लेझरचं पॅकेज विकताना ते या मुलींना कोणी सांगितलेलं नसतं. पाळी गेल्यानंतरच्या काकू, मावश्या हनुवटीचे पांढरे केस घेऊन येतात; पांढऱ्या केसाला लेझर लागूच पडत नाही. ट्रान्स स्त्रिया दाढीसाठी येतात, कित्येक तासांचं काम असतं, आणि सर्वांत नेमाने वेळ पाळतात त्या याच.

पहिल्याच भेटीत मी स्पष्ट सांगते: एकदा काढलेला केस पुन्हा येत नाही, पण सगळे केस एकाच वेळी त्वचेवर नसतात. सुरुवातीला दर आठवड्याला, मग अंतर वाढवत, साधारण दीड-दोन वर्षं. मधल्या काळात चिमटा आणि थ्रेडिंग बंद, हवं तर कात्रीने कापा. ज्या हे ऐकून निघून जातात त्यांना जाऊ द्यावं. गोड बोलून थांबवलेली ग्राहक तिसऱ्या महिन्यात रागावते. आणि हार्मोनची तपासणी झालेली नसेल तर आधी डॉक्टरकडे पाठवा, नाहीतर तुम्ही काढाल तितके नवे उगवत राहतील. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञाची परवानगी आल्याशिवाय सुईला हात लावू नका.

शाळा निवडताना फीची तुलना सर्वांत शेवटी करा. आधी विद्यार्थ्यांच्या क्लिनिकमध्ये जाऊन बसा. चालू अवस्थेतली ब्लेंडची यंत्रं मोजा. सावळ्या त्वचेच्या किती जणी सरावाला येतात ते विचारा, आणि जमलं तर स्वतः टेबलावर झोपून विद्यार्थिनीकडून दहा-पंधरा मिनिटं काम करून घ्या. शाळा ‘ब्युरो फॉर प्रायव्हेट पोस्टसेकंडरी एज्युकेशन’ या खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या राज्य सरकारच्या खात्याची मान्यताप्राप्त आहे का ते तपासा. मान्यता असेल तर पहिल्या वर्गापर्यंत किंवा नाव नोंदवल्यापासून सातव्या दिवसापर्यंत, यातलं जे नंतर येईल तोवर, तुम्हाला प्रवेश रद्द करून फी परत मागता येते. पुढेही ६० टक्के किंवा त्याहून कमी कोर्स झाला असेल तर उरलेल्या भागाचे पैसे परत मिळतात. हे करारपत्रावर छापलेलं असतं. सही करण्याआधी तो परिच्छेद त्यांना दाखवायला सांगा.