जाडं मीठ की कॅल्शियम क्लोराईड, बर्फाच्या रस्त्यावर काय टाकायचं?
अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हिवाळा म्हणजे रस्त्यावर मीठ पडणारच, तेच आपलं सोडियम क्लोराईड, फक्त जाडंभरडं. स्वस्त म्हणून सगळीकडे तेच, पण गोची अशी की साधारण उणे 9 सेल्सियसच्या खाली ते इतकं स्लो होतं की टाकलं काय नि नाही टाकलं काय. लॅबमध्ये मिठाचं पाणी उणे 21 पर्यंत गोठत नाही हे खरं, पण रस्त्यावर तेवढं घट्ट मिश्रण टिकतंय कुठे!

कॅल्शियम क्लोराईड मात्र उणे 25 लाही बर्फ वितळवतं, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि विरघळताना उष्णता सोडतं, मीठ उलट उष्णता खातं. महाग पण आहे, आणि पोतं उघडं राहिलं की आत दगडच झाला समजा.

गाडी गंजायचं म्हणाल तर दोन्ही क्लोराईडच. एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी खराब करतं असं तिथलं प्रदूषण खातं सांगतं, आणि तळ्यात गेलेलं क्लोराईड परत काढता येत नाही. म्हणून मी तरी उणे 5 ला मीठच म्हणेन, तेही ओलं करून, म्हणजे उडून कडेला जात नाही, कॅल्शियम कडाक्यासाठी ठेवा.