‘लेव्हायथन फॉल्स’ : एक फर्मा गहाळ असलेल्या प्रतीचा अनुभव

या पुस्तकाच्या विक्रेत्याशी चाललेले भांडण संपले त्या दिवशी मी त्याच्या ॲपवर एक तारा देऊन दोन ओळींचा अभिप्राय लिहिला होता आणि तो अजूनही तिथे आहे. तो तारा विक्रेत्यासाठी होता; पुस्तकाविषयी लिहायचे राहूनच गेले. मधल्या काळात ही प्रत आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातील वाचनगटाच्या जवळजवळ प्रत्येक घरी मुक्काम करून आली आहे, त्यामुळे आता जे लिहीत आहे त्यात माझ्याइतकीच इतरांचीही मते आहेत. ‘लेव्हायथन फॉल्स’ हे ‘द एक्स्पान्स’ या अंतराळकथांच्या मालिकेचे नववे आणि शेवटचे पुस्तक; ही मालिका ज्यांनी आठव्या पुस्तकापर्यंत वाचली आहे त्यांच्यासाठी हा मजकूर आहे. नायक होल्डन कोण आणि त्याचे रोसिनांते हे जहाज कसले, हे सांगत बसत नाही. शेवट मात्र पूर्ण उघड केला आहे.

पडद्यावरची मालिका सहा पर्वांनंतर जानेवारी २०२२ मध्ये संपली ती सहाव्या पुस्तकापाशी. पुढची कथा सुमारे तीस वर्षांनंतर सुरू होते, लाकोनियाचे साम्राज्य उभे राहते, आपली सगळी माणसे म्हातारी झालेली असतात, आणि हे सारे फक्त शेवटच्या तीन पुस्तकांत आहे. त्यामुळे पाहून चटक लागलेल्यांना वाचण्यावाचून गत्यंतर नाही. सातवे आणि आठवे पुस्तक भाच्याकडून आयते मिळाले. २०२१ च्या नोव्हेंबरात आलेले नववे मात्र मी विकत घेतले, आणि छापील किमतीच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होते म्हणून घेतले. एकदा वाचून कपाटात जाणाऱ्या पुस्तकावर पेन्शनीतले किती घालावे याला मर्यादा असते.

पुस्तक आले तेव्हा माझे आठवे चालू होते, म्हणून नववे आधी दिरांच्या घरी गेले आणि तिथून पुढे फिरत राहिले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथालय खाते सुरू केले आणि पेट्यांत भरून पुस्तके खेडोपाडी पाठवली, त्या बडोद्यात पुस्तक हातोहात फिरणे नवलाचे नाही. माझ्या हाती ते सर्वांत शेवटी आले. ४४८ व्या पृष्ठानंतर पुन्हा ४३३ वे पृष्ठ सुरू झाले, तोच मजकूर पुन्हा ४४८ पर्यंत आला, आणि त्यानंतर एकदम ४६५. छापखान्याची थोडीफार माहिती असलेल्याला हे लगेच कळते: फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, जुळवताना सोळा पृष्ठांचा एक फर्मा दोनदा उचलला गेला आणि त्याच्या पुढचा राहून गेला. मग बारकाईने पाहिले, तर कण्यावरची अक्षरे एका बाजूला सरकलेली, मुखपृष्ठ धूसर, आणि कागद इतका पातळ की मागच्या बाजूच्या ओळी पुढून वाचता याव्यात. प्रत सरळसरळ बनावट होती.

माझा खरा संताप पुढे सुरू झाला. विक्रेत्याचे म्हणणे असे की परत करण्याची मुदत सात दिवसांची होती आणि पाने दुमडलेली असल्यामुळे पुस्तक वापरलेले ठरते. पुस्तक वापरण्यासाठीच असते आणि ४४९ वे पृष्ठ नाही हे कळायला ४४८ वाचावी लागतात, हे मी सविस्तर लिहून कळवले. त्यावर ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे एकच वाक्य मला वेगवेगळ्या नावांनी मिळत राहिले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तो नियम जसाच्या तसा उतरवून पाठवला आणि १९१५ या ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे हालचाल झाली. अर्धी रक्कम मिळाली, तीही कूपनच्या रूपाने, म्हणजे ती वसूल करायची तर पुन्हा त्याच दारात जाऊन आणखी खरेदी करायची. ते कूपन मी वापरले नाही.

परंतु एवढ्या खटाटोपापेक्षा मला अधिक नवल वाटले ते माझ्या आधी वाचलेल्यांचे. एकानेही तक्रार केली नव्हती. धाकट्या दिरांना विचारले, तर ते म्हणाले की तीच पृष्ठे पुन्हा येणे ही त्यांना लेखकांची योजना वाटली. जेम्स एस. ए. कोरी हे डॅनियल एब्रहम आणि टाय फ्रँक या दोघांचे मिळून टोपणनाव आहे हे त्यांना ठाऊक होते. शिवाय त्या सुमारास कथेत लाकोनियाचा सम्राट दुआर्ते याच्या प्रभावाने माणसांची मने एकमेकांत मिसळू लागलेली असतात, एकाची आठवण दुसऱ्याला होऊ लागते. अशा वेळी तोच मजकूर पुन्हा समोर आला तर ते तंत्रच असणार, असे त्यांनी मनाशी ठरवले आणि पुढे वाचत गेले. हे ऐकून मला हसावे की रडावे कळेना, पण त्यांचा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता.

शेवटाविषयी गटात जे दोन तट पडले त्याचे मूळही इथेच होते. कागदी प्रत वाचलेल्या बहुतेकांचे म्हणणे एकच होते: आठ पुस्तके इतक्या सावकाशीने रचलेली कथा शेवटी घाईघाईने गुंडाळली. होल्डन स्वतःच्या शरीरात प्रोटोमॉलिक्यूल हे परग्रही द्रव्य घेतो, सगळ्या गेटच्या मध्यावर असलेल्या स्थानकात जातो, आणि मग एकदम जहाजांची पळापळ, निरोप, अंधार. रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक तेवढे ई-पुस्तक वाचून आले होते आणि त्यांना घाई कुठेच दिसली नव्हती. त्यांचा आक्षेप निराळाच होता. तेराशेहून अधिक सूर्यमालांना जोडणारी सगळी गेट एका माणसाने कायमची बंद करावी, त्यातल्या ज्या वसाहतींना स्वतःचे अन्नही पिकवता येत नाही त्यांना मरणाच्या दारी सोडावे, आणि त्याबद्दल कुणालाही विचारू नये, हा अधिकार होल्डनला कुणी दिला, असे ते विचारत होते.

शेवटी एका बैठकीत त्यांच्याच यंत्रावरून ती सोळा पृष्ठे मोठ्याने वाचून काढली. त्यानंतर घाईची तक्रार बरीचशी मावळली आणि मीही माझे मत तिथे बदलले. दुआर्तेचा मार्ग मूर्खपणाचा नाही, हे पुस्तकाने शेवटपर्यंत प्रामाणिकपणे मान्य केले आहे. गेटच्या पलीकडची एक अनाकलनीय शक्ती माणसे पुसून टाकायला निघालेली आहे, आणि सगळ्यांचे मिळून एकच मन केले तर तिला थोपवता येते. होल्डनच्या हाती तेच सामर्थ्य येते, ते चालते हेही त्याला दिसते, आणि तरीही तो ते ठेवत नाही. हा निर्णय टप्प्याटप्प्याने दिसला नाही तर उरतो फक्त शूर नायकाचा ठरीव आत्मत्याग, आणि तो आपण शंभर ठिकाणी पाहिलेला असतो. प्राध्यापकांचा आक्षेप मात्र पृष्ठे वाचूनही जागच्या जागीच राहिला, आणि मला तो अजूनही रास्त वाटतो.

तानाकाच्या प्रकरणांबद्दलही हेच. पहिल्या वाचनात ही लाकोनियाची कर्नल मला नकोशी झाली होती. दुआर्तेची मुलगी तेरेसा हिच्या मागे लागलेली, क्रूर, आणि पुस्तकाची बरीच जागा खाणारी. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की परकी मने स्वतःच्या डोक्यात शिरणे म्हणजे काय, याची किळस आपल्यापर्यंत पोहोचते ती मुख्यतः तिच्यामुळे. एकत्र मनाविरुद्धचा सगळ्यात जोरकस युक्तिवाद लेखकांनी कथेतल्या सर्वांत अप्रिय बाईच्या तोंडी दिला आहे. तरीही तिची एक-दोन प्रकरणे कमी चालली असती.

जाऊबाईंना यातले काहीच फारसे भिडले नाही. त्यांचा जीव पृथ्वीवरची राजकारणी अवसरला हिच्यात होता. पडद्यावरच्या तिच्या साड्या आणि तोंडचे शिव्याशाप दोन्ही त्यांना प्रिय, आणि आठव्या पुस्तकाची सुरुवातच तिच्या अंत्यविधीने होते म्हटल्यावर नववे त्यांनी कर्तव्य म्हणून वाचले. पण रोसिनांतेचा चालक ॲलेक्स याच्या प्रसंगाला त्याही थांबल्या. गेट बंद होण्यापूर्वी ज्याने त्याने आपली बाजू निवडायची असते. ॲलेक्स रोसिनांते घेऊन मुलगा किट आणि नातू जिकडे आहेत तिकडे जातो, होल्डनची जोडीदार नेओमी आणि जुना सोबती एमस दुसऱ्या जहाजातून आपल्या सूर्यमालेकडे परततात, आणि एवढ्या वर्षांचे हे कुटुंब पुन्हा कधीही भेटणार नाही. आमच्या गटातल्या कितीतरी घरांची मुले न्यू जर्सी, टोरांटो नाहीतर मेलबर्नला आहेत. २०२० मध्ये विमाने बंद होती तेव्हाची आठवण निघाली. ‘‘म्हणजे व्हिडिओ कॉलसुद्धा नाही?’’ असे एका काकूंनी विचारले, आणि त्यानंतर होल्डनच्या अधिकाराचा वाद त्या दिवशी कुणी पुन्हा काढला नाही. बैठकीत अंतराळावर इतके कमी आणि व्हिसावर इतके जास्त बोलणे पूर्वी झाले नव्हते.

उपसंहाराविषयी थोडक्यात सांगते. हजार वर्षांनी एक भाषातज्ज्ञ नव्या जहाजातून सूर्यमालेत येतो आणि त्याच्या स्वागताला, आता मरण नसलेला, एमस उभा असतो. दिरांना हे शेपूट वाटले, मला आवडले.

आता प्रतीचे काय झाले ते. फेकून देणे जिवावर आले, म्हणून रावपुऱ्यातल्या एका बाइंडरकडे नेली. त्याने कणा चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाला, ‘‘बेन, हिची घडीच कापलेली आहे, घडीतून शिवायची जुजबंदी होणार नाही. बाजूने टोचून शिवून देतो.’’ दुबार आलेला फर्मा त्याने काढून टाकला आणि गहाळ फर्म्याच्या जागी, जाडी भरून निघावी म्हणून, वहीचे आठ कोरे कागद घातले. बाजूने शिवल्यामुळे पुस्तक आता सपाट उघडत नाही, आतल्या कडेची अक्षरे अंगठ्याने दाबून वाचावी लागतात. पण पान निसटत नाही, आणि पावसाळ्याच्या दमट हवेतही पुठ्ठा वाकला नाही. त्या कोऱ्या कागदांवर जाऊबाईंनी गहाळ भागाचा सारांश त्यांच्या ठसठशीत मराठीत लिहिला, जेणेकरून पुढच्या वाचकाची गैरसोय होऊ नये. त्याखाली प्राध्यापकांनी आपला आक्षेप नोंदवला, त्याला दिरांनी उत्तर लिहिले, आणि किटच्या बाजूने कुणीतरी पेन्सिलीने चार ओळी घातल्या आहेत. भाच्याने स्वतःची अस्सल प्रत देऊ केली होती, तरी गटात मागणी हिलाच आहे.

पुस्तकाला चार तारे. पाचवा तानाकाच्या लांबीमुळे आणि वसाहतींच्या प्रश्नाला दिलेल्या ओझरत्या उत्तरामुळे गेला. विक्रेत्याचा एक तारा कायम. ज्यांना अजून घ्यायचे आहे त्यांनी ई-प्रत घ्यावी, किंवा दुकानात हाताळून कागदी घ्यावी. अर्ध्या किमतीच्या मोहात पडू नये, कारण कूपनचा हिशेब धरला तरी बाइंडरचे पैसे मिळवून माझी बचत फारशी उरली नाही.

आणखी एक खर्च ध्यानात ठेवावा. नेओमीच्या मुलाचे, फिलिपचे, पुढे काय झाले हे या शेवटच्या म्हणवणाऱ्या पुस्तकात कळत नाही. गेट बंद झाल्यानंतरची त्याची कथा २०२२ मध्ये आलेल्या ‘मेमरीज लीजन’ या संग्रहात आहे आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो. मी तो दुकानातूनच घेतला आणि गल्ल्यापाशी उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत पृष्ठांक तपासले. मागच्या गिऱ्हाइकांना थोडे थांबावे लागले. दुकानदार काही बोलला नाही, किंमतही त्याने कमी केली नाही.