झोपेच्या तपासणीची रात्र: लॅब चांगली, पण आधी सांगायचं ते सांगितलं नाही

बेळगावच्या एपीएमसीतून भाजी भरायची, रात्री निघायचं, चोर्ला घाट उतरून पहाटे म्हापशात गाडी खाली करायची. 19 वर्षं हेच करतोय. गेल्या पावसाळ्यात घाटाच्या एका वळणावर माझा डोळा लागला. शेजारी बसलेला भाचा ओरडला म्हणून वाचलो. माझं घोरणं घरात सगळ्यांना ठाऊक, पण घोरता घोरता श्वासच बंद पडतो हे पहिल्यांदा त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी शहरातल्या एका दवाखान्याच्या स्लीप लॅबला पाठवलं.

फोनवर सूचना एकच: "रात्री आठला जेवून या." मी नेहमीसारखी अंघोळ करून, डोक्याला खोबरेल चोपडून गेलो. तिथल्या टेक्निशियन मुलीनं केसांना हात लावला आणि म्हणाली, "तेल लावून आलासा काय काका? वायरी चिकटणार नाहीत." डोक्याच्या वायरींवरून माणूस खरोखर झोपलाय की नुसता डोळे मिटून पडलाय ते कळतं, आणि तेलावर ती पेस्ट धरत नाही. रात्री नऊला शाम्पूनं दोनदा डोकं धुतलं. हनुवटीलाही वायर लागते, म्हणून वाढलेली दाढी तिथंच केली. शेजारच्या खोलीत खानापूरकडच्या एक मावशी होत्या. साडी नेसून आलेल्या, बोटांवर लग्नाची मेंदी. छातीला आणि पोटाला पट्टे बांधतात, तिथं साडी अडचणीची. सलवार-कमीज किंवा सुती पायजमा-शर्ट बरा. ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटातून उजेड सोडतो, गडद मेंदीवर किंवा नेलपॉलिशवर तो चुकू शकतो. त्यांच्या कानाच्या पाळीला लावावा लागला. हे सगळं फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

माझी खरी अडचण वेगळीच होती. मी दिवसा झोपणारा माणूस. त्या दिवशीही दुपारी दोन ते पाच झोपलो, उठून दोन चहा घेतले. तपासणीच्या दिवशी दुपारची झोप नको आणि दुपारनंतर चहा-कॉफी नको, हे तिथं गेल्यावर कळलं. रात्री एकपर्यंत टक्क जागा होतो. रात्रपाळीवाल्यांनी तारीख घेतानाच आपली झोपायची वेळ सांगावी. काही ठिकाणी अशांची तपासणी दिवसाही करतात. माझी बीपीची गोळी मी मनानंच चुकवली होती, त्यावरूनही बोलणी खाल्ली. गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या, यादी सोबत न्यायची, आणि झोपेची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना आधी विचारायचं.

त्या मुलीबद्दल मात्र मनापासून लिहितो. घरी कन्नड बोलणारी, पण प्रत्येक वायर लावताना ती कशाला ते मला मराठीत सांगत होती. दिवसा किती डुलकी लागते ते विचारणारा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. पाट्या वाचण्यापुरतं कन्नड मला येतं, असले प्रश्न नाही. तिनं आठही प्रश्न वाचून दाखवले: टीव्ही बघताना डुलकी लागते का, जेवून निवांत बसल्यावर लागते का, रहदारीत गाडी थोडी थांबली तर लागते का. या शेवटच्याला मी खरं उत्तर दिलं. 24 पैकी 17 गुण आले. 10 च्या वर गेलं की तपासायला हवं. तो फॉर्म मराठीत हवाच. इथं खानापूर, निपाणी, चंदगडहून माणसं येतात, आणि घाबरलेला माणूस परक्या भाषेत "नाही"वरच खूण करून मोकळा होतो.

खोली स्वच्छ होती, पंख्याचा आवाज नव्हता. बाथरूमला जायचं तर नुसतं बोलायचं, मुलगी येऊन वायरी जोडलेली एक डबी सोडवते, सगळ्या वायरी काढाव्या लागत नाहीत. घरची उशी नेली होती, ते बरं झालं.

साडेआठ हजार घेतले. रिपोर्ट आला: तासाला सरासरी 41 वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो, दर वेळी निदान 10 सेकंद. 5 च्या आत असलं तर ठीक, 30 च्या वर गंभीर. आता झोपेत दाबानं हवा सोडून श्वास चालू ठेवणाऱ्या मशीनचा दाब ठरवायला आणखी एक रात्र तिथंच झोपायचं आहे. तोवर चोर्ल्याची गाडी भाच्याच्या हातात दिली आहे.