मोफत विधी सेवेचा वकील: वकील उत्तम, पण जामीनदार कुठून आणायचा? (५१ दिवसांचा अनुभव)

जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथून आरोपीला फुकट वकील मिळतो, त्या सर्व्हिसचा हा रिव्ह्यू आहे. कोर्टाचं, जेलचं, पोलीस स्टेशनचं नाव लिहीत नाही कारण केस अजून चालू आहे. स्टार द्यायचे तर वकील मॅडमना ५ पैकी ५, आणि जामीन मंजूर झाल्यावर माणूस बाहेर काढायचं जे काम आहे त्याला ५ पैकी १.

माझा एक टेम्पो आहे, त्यावर ड्रायव्हर ठेवलाय, परभणीकडचा पोरगा, २४ वर्षांचा, चार वर्षं माझ्याकडे, कधी दहा रुपयांचा हिशोब चुकला नाही. फेब्रुवारीत एका भंगार गोडाऊनवाल्याचं भाडं आलं, तांब्याच्या वायरची पोती उचलून दुसऱ्या गोडाऊनला टाकायची, १८०० रुपये. नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली, वायर चोरीची निघाली. एफआयआर मध्ये आमचा पोरगा आरोपी नंबर १ आणि ज्याचा माल, ज्याने फोन करून गाडी बोलावली तो गोडाऊनवाला आरोपी नंबर २. कलमं दोघांना तीच.

गोडाऊनवाल्याचं इथल्या राजकारणातल्या मंडळींशी उठणं बसणं आहे, सगळ्या गावाला माहितीये. त्याच्या वकिलाने सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकला, सहाव्या दिवशी अंतरिम संरक्षण मिळालं, नंतर ते कायम झालं. अट अशी की दर सोमवारी पोलीस स्टेशनला हजेरी. जामीनदार म्हणून त्याचा मेहुणा आला, मेहुण्याच्या नावावर फ्लॅट, कागद ओके, अर्ध्या तासात काम झालं. तो एक रात्रसुद्धा आत नव्हता. अटकपूर्व जामीन मिळणं चूक आहे असं माझं म्हणणं नाही, कायद्यात आहे आणि मिळायलाच पाहिजे, पण मग तोच कायदा नंबर १ ला इतका जड का जातो हे मला ५१ दिवस कळत नव्हतं.

आमच्या पोराला तीन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी) घेऊन जेल. माझा टेम्पो मुद्देमालात, म्हणजे केसचा पुरावा म्हणून, जप्त. आता एक गोष्ट खरी खरी लिहितो कारण ती मला अजून टोचते. मी पहिला खाजगी वकील लावला तो टेम्पोसाठी. हप्ता चालू होता, गाडी उभी राहिली असती तर घर बसलं असतं. बाराव्या दिवशी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, टेम्पो सुटला आणि मी तो चालवत घरी आणला, तेव्हा टेम्पो चालवणारा आतच होता. त्याची आई गावाहून आली होती, ती टेम्पोकडे बघून काही बोलली नाही.

मग कोणीतरी सांगितलं १५१०० ला फोन करा. हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर आहे, फुकट. तिथून कळलं की जो कोठडीत आहे त्याला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला वगैरे बघत नाहीत. हे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे, महिला, मुलं, अनुसूचित जाती जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अटच नाही. हे लोकांना माहितीच नाही. आमच्या ओळखीतला एक जण म्हणाला सरकारी वकील घेऊ नको, तो पोलिसांच्या बाजूचा असतो. तसं नाहीये, सरकारी वकील वेगळा, तो सरकारची बाजू मांडतो, आणि विधी सेवेचा वकील हा तुमचा असतो. २०२२ पासून बऱ्याच जिल्ह्यांत विधी सेवेने आरोपींची कामं करायला पूर्णवेळ वकील नेमलेत, पगार त्यांना प्राधिकरण देतं, तुमच्याकडून एक रुपया घ्यायचा नसतो आणि आमच्याकडून घेतलाही नाही, झेरॉक्सचे पैसे मी देत होतो तर मॅडम नको म्हणाल्या.

एक पानी अर्ज दिला, दुसऱ्या दिवशी वकील मिळाल्या. तिशीच्या असतील, हातात एवढाले कागद, पण जेलमध्ये जाऊन पोराला भेटून आल्या आणि त्याने काय सांगितलं ते मला नीट समजावलं. गोडाऊनवाल्याचा फोन कॉल कधी आला, कोणत्या नंबरवरून आला हे मी मालक असून मला आठवत नव्हतं, त्यांनी पोराकडून काढून घेतलं. जामीन अर्ज टाकला. पोलिसांचा से, म्हणजे अर्जावरचं त्यांचं लेखी म्हणणं, यायला दोन तारखा गेल्या. एकोणिसाव्या दिवशी जामीन मंजूर. १५ हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. त्या दिवशी आम्ही कोर्टाच्या बाहेर पेढे वाटले.

पेढे वाटायची घाई झाली होती. पोरगा त्यानंतर अजून ३२ रात्री आत होता.

जामीनदार म्हणजे काय ते कोर्टात गेल्याशिवाय कळत नाही. स्वतःच्या नावावर घर किंवा जमीन पाहिजे, घरपट्टीची पावती पाहिजे, रेशनकार्ड, आधार, फोटो, कधी कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. मी भाड्याच्या घरात राहतो. टेम्पोच्या आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे म्हणून ती चालली नाही. माझ्या ओळखीचे सगळे ड्रायव्हर, हमाल, गॅरेजवाले, एकाच्याही नावावर स्वतःचं घर नाही, आणि एक दोघांच्या नावावर होतं तर त्यांच्या बायकांनी हात जोडले, म्हणाल्या उद्या पोरगा तारखेला आला नाही तर आमच्या घरावर येईल, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मग गावाहून त्याचा थोरला भाऊ सातबारा घेऊन आला. सातबारा सामाईक, चुलते, आत्या, मेलेले आजोबा धरून त्यावर अकरा नावं. आणि वर टेबलावर सांगितलं की जिल्ह्याबाहेरचा जामीनदार चालत नाही, लोकल आणा. भाऊ ज्या एसटीने आला त्याच एसटीने परत गेला, दोन दिवसांची मजुरी बुडवून.

मला नंतर मॅडमनी सांगितलं की हे अगदी असंच १९७८ ला मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याच्या बाबतीत झालं होतं. १० हजारांचा जामीनदार मागितला, भाऊ उभा राहिला तर त्याला नाही म्हणाले कारण तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी साफ सांगितलं की हे चालणार नाही. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर माझ्या ड्रायव्हरच्या जन्माआधी दोन दशकं देऊन झालंय, आणि तरी त्याचा भाऊ रिकाम्या हाताने परत गेला.

कोर्टाच्या गेटबाहेर एक माणूस भेटला, म्हणाला जामीनदार मी देतो, चार हजार घेईन. कागद कोणाचे, खरे की खोटे, देव जाणे. मॅडम म्हणाल्या या भानगडीत अजिबात पडू नका, बोगस जामीनदार पकडला गेला तर पोरावर दुसरा गुन्हा होईल. तेव्हा मोह होत होता हे कबूल करतो.

या दिवसांत मला सारखी शाहरुख खानच्या मुलाची केस आठवायची. २८ ऑक्टोबर २०२१ ला हायकोर्टाने जामीन दिला, दुसऱ्या दिवशी एक लाखाच्या बाँडवर जुही चावला स्वतः कोर्टात येऊन जामीनदार राहिली, तरी आर्थर रोड जेलच्या जामिनाच्या कागदांच्या पेटीत वेळेत कागद पडला नाही म्हणून तो एक रात्र जास्त आत राहिला आणि ३० तारखेला सुटला. पुढे त्याच्यावरचे आरोपही एनसीबीने (केंद्राचा अमली पदार्थ विभाग) मागे घेतले, त्यामुळे त्या पोराचे ते दिवस वायाच गेले, वाईटच झालं. त्या एका रात्रीवर सगळ्या चॅनेलवर चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. सलमान खानची केस बघा, ६ मे २०१५ ला सेशन कोर्टाने ५ वर्षं शिक्षा दिली आणि त्याच संध्याकाळी हायकोर्टाचा दोन दिवसांचा जामीन हातात, शिक्षा सुनावल्यावर एक रात्रही आत नाही. नंतर डिसेंबरमध्ये हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, त्यावर मला बोलायचं नाही. मला फक्त तो वेग बघून वाटतं की म्हणजे यंत्रणेला हे जमतं. एका दिवसात अर्ज, सुनावणी, आदेश, कागद, सगळं होऊ शकतं. कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातातही मे २०२४ मध्ये दोन माणसं मेली आणि अल्पवयीन मुलाला साधारण पंधरा तासांत जामीन मिळाला, ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून. आमच्या केसमध्ये नुसता पोलिसांचा से यायलाच दोन तारखा गेल्या.

एनसीआरबीचे (गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्राची संस्था) २०२२ च्या शेवटचे आकडे आहेत, देशातल्या जेलमध्ये ५ लाख ७३ हजार लोक, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले पंचाहत्तर जण असे की ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यातले किती आमच्या पोरासारखे, जामीन मिळूनही बसलेले असतील याचा मी रोज रात्री विचार करायचो.

तर आता जे कोणी या सर्व्हिसकडे जाणार आहेत त्यांच्यासाठी, मला जे उशिरा कळलं ते लिहितो. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिलाय की जामीन झाल्यावर सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकाने विधी सेवेच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार नाही मिळाला तर कोर्ट स्वतःहून अट हलकी करायचा विचार करू शकतं. लोकल जामीनदाराचा हट्ट हे उशिराचं एक कारण आहे असंही त्यात लिहिलंय. आमच्या बाबतीत सात दिवसांनी कोणी कोणाला कळवलं नाही. म्हणून आठव्या दिवशी तुम्ही स्वतः विधी सेवेच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या, वकिलावर सोडू नका, एकेका वकिलाकडे ढीगभर फायली असतात. दुसरं, केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी योजना आहे २०२३ ची, कच्च्या कैद्याला जामिनासाठी मदत मिळू शकते (२०२३ ला ती ४० हजारांपर्यंत होती), जिल्ह्याची समिती ठरवते. आमच्या इथे पहिल्यांदा विचारलं तर टेबलावरच्या माणसाला नावही माहीत नव्हतं.

शेवटी मॅडमनी त्रेचाळिसाव्या दिवशी अट बदलायचा अर्ज दिला, जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या म्हणून. एकोणपन्नासाव्या दिवशी मंजूर. हा अर्ज विसाव्या दिवशी का नाही दिला हे मी त्यांना विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं की जामीनदार मिळेल असं मी धरून चालले, माझं चुकलं. इतक्या सरळ उत्तरामुळेच त्यांचा एकही स्टार मी कापला नाही. मी १५ हजार उसने आणून नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैसे भरून घेणाऱ्याकडे, भरले, पावती घेतली, पण सुटकेचा कागद जेलला पोचेपर्यंत संध्याकाळची वेळ टळली, त्यामुळे ती रात्र पण गेली. एक्कावन्नाव्या दिवशी सकाळी तो बाहेर आला, अंगावर तोच शर्ट, दाढी वाढलेली, आणि पहिलं काय विचारलं तर टेम्पो सुटला का.

आता तो परत माझ्याकडेच आहे. चार्जशीट दाखल झालंय, तारखा चालू आहेत, १५ हजार कोर्टातच आहेत, केस संपल्यावर मिळतील. मागच्या तारखेला गोडाऊनवाल्याच्या वकिलाने गैरहजेरी माफीचा अर्ज दिला, अशील कामानिमित्त बाहेरगावी आहे म्हणून, तो मंजूर झाला. आमचा पोरगा सकाळी दहापासून व्हरांड्यात उभा होता, दुपारी चारला पुकारा झाला, पुढची तारीख मिळाली.