टेलर की फायोल?
व्यवस्थापनशास्त्राचा पाया घालणारे हे दोघे: अमेरिकेचा फ्रेडरिक टेलर आणि फ्रान्सचा आन्री फायोल. दोघेही इंजिनिअर, काळही जवळपास एकच. पण टेलर कारखान्याकडे खालून बघतो, फायोल वरून. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीत टेलरने घड्याळ लावून मजुरांची हालचाल न् हालचाल मोजली. एका खेपेला फावड्यात २१ पौंड माल असला की दिवसाचं काम सर्वाधिक, म्हणून हलक्या कोळशाला मोठं फावडं, जड खनिजाला लहान. लोखंड भरणाऱ्याचं रोजचं काम, टेलरच्याच दाव्यानुसार, १२.५ टनांवरून ४७.५ वर गेलं. मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून जेमतेम १.८५! हिशेब कुणाच्या सोयीचा, ते उघड आहे.

फ्रान्समध्ये खाणकंपनी चालवलेल्या फायोलने १९१६ साली व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मांडली. एका माणसाला एकच साहेब, हे त्यातलंच. टेलर तर मजुरांवर आठ प्रकारचे फोरमन नेमायला निघाला होता. इथे मी फायोलच्या बाजूने.