आधी नोट, मग बटण: जपानी स्टॉलवरचं तिकीट मशीन

जपानमधल्या रेल्वे फलाटांवरच्या सोबा (कुट्टूच्या पिठाचे नूडल्स) स्टॉलवर, हायवेच्या थांब्यावर आणि रामेन नूडल्सच्या छोट्या दुकानांत बहुतेक ठिकाणी ऑर्डर घ्यायला कुणी येत नाही. दाराशी मशीन असतं. पैसे तिथं भरायचे, तिकीट काढायचं, ते काउंटरवर द्यायचं. कामानिमित्त किंवा फिरायला जाणारे कोल्हापूरकर या मशीनसमोर अडतात तेव्हा दोष भाषेला देतात. अडचण बहुधा क्रमाची आणि नोटेची असते.

बटणांच्या जुन्या मशीनमध्ये पैसे आत गेल्याशिवाय बटण दाबून उपयोग नाही. पैसे भरले की तेवढ्या रकमेत बसणारीच बटणं उजळतात. ५०० येन टाकले तर ६५० चं बटण विझलेलंच राहणार. ते बिघडलेलं नसतं. संपलेल्या पदार्थावर लाल दिवा किंवा फुली दिसते. डाव्या कोपऱ्यातलं सगळ्यात वरचं बटण बऱ्याच दुकानांत तिथल्या मुख्य पदार्थाचं असतं, म्हणून काहीच वाचता येत नसेल तर सुरुवात तिथून करावी. टचस्क्रीनवर क्रम बहुधा उलटा असतो: भाषा, पदार्थ, मग पैसे.

नोटेचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या. लहान स्टॉलवरचं जुनं मशीन अनेकदा १००० येनची नोट आणि १०, ५०, १००, ५०० ची नाणी एवढंच घेतं. १ आणि ५ येनची नाणी चालत नाहीत. १०,००० ची नोट घेऊन उभं राहिलात तर सुट्ट्यासाठी शेजारचं दुकान गाठावं लागेल. त्यात ३ जुलै २०२४ ला जपानने नव्या नोटा आणल्या. नवी नोट ओळखण्यासाठी मशीनचा आतला भाग किंवा अख्खं मशीनच बदलावं लागतं आणि लहान दुकानदाराला तो खर्च जड जातो. २०२१ मध्ये आलेल्या दोन रंगांच्या ५०० च्या नाण्याचंही तेच. मशीन नोट परत ढकलत असेल तर ती पुन्हापुन्हा सरळ करत बसू नका, दुसऱ्या छपाईची नोट घाला. नव्या नोटेवर १००० हा आकडा मोठा छापलाय. जुनीवर नोगुची हिदेयो यांचं चित्र, नवीवर कितासातो शिबासाबुरो यांचं. पाकिटात दोन्ही असू द्याव्यात. सुईकासारखं रेल्वे प्रवासाचं प्रीपेड कार्ड चालत असेल तर हा प्रश्नच मिटतो, आणि स्टेशनातल्या स्टॉलवर ते बऱ्याचदा चालतं.

तिकीट पडलं तरी व्यवहार संपलेला नसतो. उरलेले पैसे पडद्यावर दिसत राहतात, कारण मशीन पुढच्या पदार्थाची वाट बघत असतं. अंडं, काकिआगे म्हणजे भाज्यांची मिश्र भजी, जास्तीचे नूडल्स यांची वेगळी तिकिटं त्याच पैशांत काढता येतात. मग सुट्ट्यांचा खटका फिरवायचा किंवा बटण दाबायचं. काही मशीन थोड्या वेळानं आपोआप पैसे सोडतात, पण त्यावर विसंबू नये. खालच्या खोबणीत हात घालून चाचपा. तिकीट लहान असतं, नाण्यांखाली दबतं.

काउंटरवर तिकीट ठेवलं की आतून एकच प्रश्न येतो: सोबा की उदोन, म्हणजे गव्हाचे जाड नूडल्स? बऱ्याच स्टॉलवर दोन्हींना एकच तिकीट असतं. नुसता 'सोबा' एवढा शब्द पुरतो. तिकीट फाडून अर्धं परत दिलं तर वाटी येईपर्यंत जपून ठेवा. बटण चुकलं असेल तर नूडल्स पाण्यात पडायच्या आत सांगा. हायवेच्या थांब्यांवर मात्र काही मशीन तिकीट छापतानाच ऑर्डर स्वयंपाकघरात पाठवतात. तिथं बदल करून घेणं अवघड.

आता या पद्धतीतली खरी उणीव. मशीनला विचारता येत नाही. 'ग्यू' म्हणजे गोमांस, 'बुता' म्हणजे डुक्कर, 'तोरी' म्हणजे कोंबडी, हे पाठ करून जा. शाकाहारी माणसानं भाज्यांच्या चित्रावर विश्वास ठेवू नये. साध्या काके सोबाचा रस्साही बहुधा कात्सुओबुशीवर, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसावर उकळलेला असतो. टोफू घातलेला कित्सुने उदोन त्याच रश्शात येतो. कडक शाकाहार पाळणाऱ्यांना या स्टॉलवर साध्या भाताच्या बटणापलीकडे फारसं काही नाही. तिखटाचं म्हणाल तर शिचिमीची डबी काउंटरवर फुकट असते. सात जिनसांचं ते मिश्रण वासाला सुरेख, पण कोल्हापुरी जिभेला अगदीच सौम्य.

तरीही ही व्यवस्था आम्हाला मनापासून आवडते. रांधणारा हात पैशाला लागत नाही, हिशेब चुकत नाही, बिलासाठी ताटकळावं लागत नाही. टीप द्यायची नाही. खाऊन ट्रे ठेवायच्या खिडकीत ठेवला की निघता येतं. दोन माणसांवर चालणारा स्टॉल सकाळची गर्दी पेलतो तो यामुळंच.

कोल्हापुरात मिसळीच्या दुकानात असं मशीन चालेल का? मिसळ, जादा ब्रेड, दही, ताक यांची बटणं सहज होतील आणि यूपीआयमुळं नोट ओळखायची कटकटच राहणार नाही. अडेल ते कटापाशी. दुसऱ्यांदा कट मागताना कुणी तिकीट काढायला उठणार नाही, आणि उठायला लावूही नये. कटाची किटली टेबलावर फिरतीच ठेवावी, मशीन फक्त पहिल्या प्लेटपुरतं.